सिद्ध हात

"हात बघा! सगळ्यांनी हिचे हात बघा!"

श्वासगुरूंनी मायक्रोफोन तोंडापाशी नेला आणि लॉन्ड्रीच्या घडीखान्यात जमिनीवर बसलेली साठ माणसं गुडघ्यांवर उठली. मागच्यांनी पुढच्यांच्या खांद्यांवर रेटा देऊन माना उंचावल्या. मधोमध, न धुतलेल्या चादरींच्या गाठोड्याला टेकून वहिनी बसली होती. डोळे अर्धे मिटलेले, ओठ पांढरे फटक, आणि दोन्ही हात छातीशी आवळलेले. मनगटं आत वाकली होती. बोटं ताठ आणि एकमेकांना चिकटलेली, अंगठे तळव्यात शिरलेले. पक्ष्यानं चोच मिटावी तशा दोन्ही हातांच्या चोची झाल्या होत्या.

"उघडून बघा," गुरू म्हणाले. "ओढा की! घाबरता काय?"

मालकीणबाई पुढे झाल्या. त्यांनी वहिनीचं एक बोट धरून सरळ करायला घेतलं. बोट हलेना.

"अगं बाई!"

"हंसमुद्रा!" गुरूंचा आवाज पत्र्यावर आदळून परत आला. "डोंगरात चाळीस वर्षं बसूनही लोकांना लागत नाही. या बाईला अकरा मिनिटांत लागली! मी लावली का? नाही. तिनं लावली का? नाही. तिचा प्राण जागा झाला आणि प्राणानं लावली!"

कुणीतरी रडायला लागलं. एकीनं वहिनीच्या पायांना हात लावला. वहिनीला हे सगळं लांबून, पाण्याखालून आल्यासारखं ऐकू येत होतं. तोंडाभोवती मुंग्या चावत होत्या. तिला एवढंच कळत होतं की हात आपले आहेत आणि आपलं ऐकत नाहीत.

सगळी लॉन्ड्री तिला वहिनी म्हणायची, कारण तिची धाकटी नणंद तिच्या समोर उभी राहून चादरींच्या घड्या करायची आणि दिवसभर "वहिनी, कोपरा धर", "वहिनी, ओढ", "वहिनी, सोड" असं चालायचं. दोघींची जोडी नामी होती. इस्त्रीच्या गरम रुळातून निघालेली चादर चारी कोपऱ्यांत पकडायची, एक झटका, दोन घड्या, पुढे पाऊल, पुन्हा दोन घड्या. दवाखान्यांच्या चादरी, हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, अभ्रे. वहिनीचा नवरा खाली बॉयलर सांभाळायचा. राहायच्या दोन खोल्याही मालकांच्याच, लॉन्ड्रीच्या मागच्या भिंतीला लागून. म्हणजे चूल, नोकरी आणि छप्पर, तिन्ही एकाच माणसाच्या मुठीत. ही मूठ कधी आवळली नव्हती, पण ती आहे हे घरातलं प्रत्येक जण जाणून होतं.

श्वासगुरू लॉन्ड्रीत आले ते मालकीणबाईंमुळे. बाईंना वर्षानुवर्षं झोप नव्हती. कुठल्याशा शिबिरात चार दिवस बसून आल्या आणि गाढ झोपायला लागल्या. झोप मिळालेल्या माणसाचा उत्साह दांडगा असतो. पहिल्या पाळीच्या आधी अर्धा तास सगळ्यांनी श्वासाला बसायचं, असा नियम झाला. सक्ती नव्हती. फक्त कोण आलं, कोण नाही, ते बाई स्वतः बघायच्या.

गुरू पन्नाशीचे, तुकतुकीत, ढगळ पांढऱ्या पायजम्यातले. गळ्यात काही नाही, कपाळावर काही नाही. "मी देव-बिव मानत नाही," ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "मी विज्ञानाचा माणूस." मग पुढचा अर्धा तास त्यांनी जे सांगितलं त्यात प्राणाच्या बहात्तर गल्ल्या होत्या, बेंबीमागे झोपलेली वीज होती आणि पेशीपेशींत अडकलेलं दुःख होतं. ते सुरू करण्याआधी घडीखान्याचं लोखंडी शटर खाली ओढून घ्यायचे. "ऊर्जा बाहेर जाता कामा नये." ऊर्जेचं काय व्हायचं कोण जाणे, पण रुळांची धग आणि साठ माणसांचा घाम मात्र आतच राहायचा.

मग सुरू व्हायचं. "आत! बाहेर! आत! बाहेर! जोरात! पोट मारा! आत! बाहेर! कंजुषी करू नका, हवा फुकट आहे!" पाच मिनिटं, आठ मिनिटं, दहा मिनिटं. काहींना चक्कर यायची, काहींना हसू, काहींना रडू. काहींच्या बोटांत मुंग्या यायच्या.

वहिनीचे हात सगळ्यांच्या आधी वळले यात नवल नव्हतं. तिला कुठलंही काम अर्धवट करता येत नसे. जोरात म्हटलं की ती जोरातच करणार.

याउलट ड्रमकाका. धुण्याच्या ड्रमांवर तीस वर्षं काढलेला हा म्हातारा मागच्या खांबाला टेकून डोळे मिटायचा आणि मजेत डुलकी काढायचा. त्याच्या हाताला कधी साधी मुंगीही आली नाही.

"याच्या मनाला गंज चढलाय," गुरू सर्वांदेखत म्हणाले. "श्रद्धा नाही तिथे प्राण फिरकत नाही."

"चढला असेल," काका म्हणाला. "पाण्यात काम करतो."

हंसमुद्रेनंतर वहिनीचं जगणंच बदललं. रोज सकाळी ती गुरूंच्या शेजारी बसायची आणि रोज तिचे हात वळायचे. पहिले काही दिवस तिला ते आवडलं, हे लपवण्यात अर्थ नाही. भाजलेल्या, फुटलेल्या, साबणानं पांढऱ्या पडलेल्या त्या हातांकडे आयुष्यात कुणी पाहिलं नव्हतं. आता बायका ते हात स्वतःच्या दुखऱ्या कमरेवर ठेवून घेत. गुरूंनी त्यांना नाव दिलं, 'सिद्ध हात'. मालकीणबाईंनी त्या हातांचा फोटो काढून, मोठा करून फाटकावर लावला. बाहेरची माणसं यायला लागली. वहिनीचं घड्यांचं काम सुटलं. आता दुपारपर्यंत तिनं कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचं आणि येईल त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा.

एकदा ती गुरूंना भीत भीत म्हणाली, "गुरुजी, मला आतून काहीच कळत नाही हो. नुसते हात दुखतात आणि छातीत धडधडतं."

"तेच तर! तुला कळलं असतं तर तो तुझा अहंकार झाला असता."

यावर काय बोलणार? कळलं तरी गुरू खरे, नाही कळलं तरी गुरू खरे. ती परत खुर्चीवर जाऊन बसली. खुर्ची मऊ होती, पण तिच्यावरून उठायचं म्हटलं तर कुणाला विचारून उठायचं, हे तिला ठाऊक नव्हतं.

आणि मग नणंदेची पाळी आली.

नणंदेला लहानपणापासून दमा. रुळांची वाफ आणि हवेत उडणारी कापसाची तुसं, दोन्ही तिचे वैरी. पण दवाखान्यातून तिला दोन पंप दिले होते. एक रोज सकाळ-संध्याकाळ ओढायचा, दुसरा धाप लागली तरच. त्या दोन पंपांवर ती उभी राहून आठ तास काम करायची, जिन्यावरून धावायची, गाणी म्हणायची.

"हे काय आहे?" गुरूंनी तिच्या खिशातून डोकावणारा पंप दोन बोटांत धरून उचलला. "कुबडी! तुझा श्वास तू या प्लॅस्टिकच्या नळीकडे गहाण टाकलास पोरी. ज्या घरात सिद्ध हात आहेत त्या घरात कुबडी?"

साठ माणसं बघत होती. मालकीणबाई बघत होत्या. गुरूंनी वहिनीचा वळलेला हात धरून नणंदेच्या छातीवर टेकवला. "घे. मोठा श्वास घे. आला ना?"

"आला," नणंद म्हणाली. त्या वेळी तिला धाप नव्हतीच, मग श्वास येणार नाही तर काय होणार? पण टाळ्या पडल्या, आणि तिनं दोन्ही पंप पुढ्यातल्या काचेच्या भांड्यात टाकले. त्या भांड्याला 'मुक्तिपात्र' म्हणत. त्यात आधीच कुणाच्या गोळ्यांची पाकिटं होती, कुणाचा मणक्याचा पट्टा.

घरी आल्यावर वहिनी म्हणाली, "रोजचा तरी ओढत जा गं. मी आणून देते गुपचूप."

"तूच असं म्हणतेस?" नणंदेनं डोळे मोठे केले. "वहिनी, तुझ्याच हातानं तर मी बरी झाले."

नवरा जेवता जेवता थांबला आणि पुन्हा ताटात बघू लागला. त्याची बहीण खूष होती, बायको फाटकावर झळकत होती, मालक हसून बोलत होते. अशा वेळी शंका काढणारा माणूस घरबुडव्या ठरतो.

पहिला आठवडा बरा गेला. औषधाचा अंमल एकदम उतरत नाही, हे त्या घरात कुणाला माहीत नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात नणंद जिन्यावर मध्येच थांबायला लागली. तिसऱ्या आठवड्यात तिच्या छातीतून किटलीसारखी शीळ ऐकू यायची. गुरूंनी कान लावून ती ऐकली आणि प्रसन्न होऊन म्हणाले, "रोग वाट शोधतोय. बाहेर पडायची घाई झालीय त्याला."

ज्या सोमवारी ते घडलं त्या सकाळी बाहेरची माणसं आल्यामुळे घडीखाना गच्च भरला होता. शटर खाली होतं. "आत! बाहेर! आत! बाहेर!" चाललं होतं. वहिनीचे हात नेहमीसारखे वळले आणि त्याच वेळी तिला समोर नणंद दिसली. ती बसल्या जागी पुढे वाकली होती, दोन्ही हात जमिनीवर टेकलेले, खांदे कानांपर्यंत चढलेले. मानेच्या खळीत कातडी आत ओढली जात होती. तिला बोलायचं होतं. एक एक शब्द तोडून ती म्हणाली, "वहिनी... दार..."

"कुणी हात लावायचा नाही!" गुरू ओरडले. "शुद्धी चाललीय! शेवटची पायरी आहे! पोरी, जोरात, आत, बाहेर!"

आणि साठ-सत्तर माणसं बघत राहिली. एक माणूस डोळ्यांदेखत गुदमरत होता आणि सगळे वाट बघत होते की आता काहीतरी छान होईल.

वहिनी उठली. शटरपर्यंत गेली, कडी धरायला हात पुढे केला आणि बोटं उघडेनात. तिनं पुन्हा प्रयत्न केला. लोखंडी कडीवर तिच्या ताठ बोटांचे नुसते ठोके पडत राहिले. ज्या हातांना लोक डोकी टेकवत होते, त्यांना एक शटर उघडता येत नव्हतं.

"काका!" ती किंचाळली. "अहो काका, उघडा!"

ड्रमकाकाची डुलकी मोडली. तो खांबापासून तीन ढांगांत आला, खाली वाकला आणि एका दमात शटर वर भिरकावलं. बाहेरची गार हवा आत घुसली. काकानंच नणंदेला उचलून चादरींच्या ढकलगाडीत बसवलं, खालून नवरा धावत आला आणि माल पोचवायच्या व्हॅनमधून ती चौघं दवाखान्यात पोचली. दारात उतरवलं तेव्हा नणंदेची नखं निळसर झाली होती आणि छातीतली शीळही थांबली होती. नवऱ्याला वाटलं, बरं वाटतंय. नर्सच्या चेहऱ्यावरून वहिनीला कळलं की तसं नाही.

तिला आत नेलं, पडदा ओढला. वहिनी बाहेरच्या बाकावर बसली. आतून घाईची पावलं, एकमेकांना दिलेले आवाज, यंत्राची टिकटिक. तिचा श्वास फुलत गेला. तोंडाला कोरड पडली, ओठांभोवती मुंग्या आल्या, बोटं जड झाली, आणि बघता बघता तिचे दोन्ही हात मांडीवरच वळले. मनगटं आत, बोटं ताठ, अंगठे तळव्यात.

इथे गुरू नव्हते. मंत्र नव्हता. शटर नव्हतं. फिनेलचा वास होता आणि भीती होती.

बऱ्याच वेळानं एक डॉक्टरीणबाई पडद्यातून बाहेर आल्या. "वाचली. दोन-तीन दिवस ठेवावं लागेल. अजून दहा मिनिटं उशीर केला असतात तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं, कारण त्यांचं लक्ष वहिनीच्या हातांकडे गेलं होतं. त्या शेजारी बसल्या. "माझ्याकडे बघा. श्वास सोडा. घेऊ नका, आधी सोडा. हळू... अजून हळू. आता नाकानं थोडासाच घ्या. घाई नाही."

हळूहळू बोटं सैल पडली.

"ही हंसमुद्रा आहे," वहिनी पुटपुटली.

"काय आहे?"

वहिनीनं सगळं सांगितलं. सांगताना तिला आपलेच शब्द खोटे वाटत होते. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आठवड्यात दोघं-तिघं तरी येतात आमच्याकडे असे हात घेऊन. परीक्षेच्या भीतीनं मुलं येतात. परवा एक ट्रकवाला आला होता, भांडण करून. आपण श्वास सोडतो तेव्हा एक वायू बाहेर टाकतो, कार्बन डायऑक्साइड. तो टाकाऊ असतो असं शाळेत शिकलो, पण थोडा रक्तात राहावाच लागतो. भराभर धापा टाकल्या की तो प्रमाणाबाहेर निघून जातो. रक्ताची घडी बिघडते, त्यातलं कॅल्शियम नसांना हवं तसं मिळत नाही, मग नसा बिथरतात. आधी मुंग्या, मग हात असे आखडतात. मेंदूकडचा रक्तपुरवठाही थोडा कमी होतो, म्हणून तरंगल्यासारखं वाटतं. दहा मिनिटं भात्यासारखा श्वास घेतला तर तुमचेच काय, माझेही हात वळतील."

"म्हणजे माझ्यात काही नाही?"

"तुमच्यात भीती होती. आणि तुम्ही सांगितलेलं काम मनापासून करता, एवढंच."

वहिनी रडली. सुटल्यासारखं वाटून रडली की लाजेनं, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"मग श्वासाचं सगळंच खोटं?" तिनं विचारलं.

"मुळीच नाही. सावकाश श्वास घेतला की मन शांत होतं, धडधड कमी होते. आसनांनी पाठ मोकळी होते. मी स्वतः रोज शांत बसते वीस मिनिटं, नाहीतर ही नोकरी झेपली नसती. दम्याच्या लोकांनाही आम्ही सावकाश श्वासाचे व्यायाम शिकवतो. पण औषधासोबत. औषध काढून घेऊन जो श्वास विकतो, त्याच्यापासून लांब राहा."

दुसऱ्या दिवशी मालकीणबाई आणि गुरू फळं घेऊन भेटायला आले. गुरूंनी झोपलेल्या नणंदेकडे पाहिलं, मग वहिनीकडे, आणि गहिवरून म्हणाले, "तू होतीस म्हणून वाचली. वाटेत तुझा हात तिच्या हातात होता ना?"

"होता."

"बस! दुसरं कुणी असतं तर गेली होती. रविवारी मोठं शिबिर आहे, बाहेरून पाहुणे येतायत. तिथे तू फक्त एवढं सांगायचं."

वहिनी थक्क झाली. बुडवणाराही हा आणि वाचवल्याचं श्रेयही यालाच!

मालकीणबाई निघताना तिचा खांदा थोपटून म्हणाल्या, "तू आपल्या घरातलीच आहेस. खोल्यांचं छप्पर या वर्षी नवं करून घेऊ म्हणते मी." बाईंच्या मनात धमकी नव्हती. पण छपराचा विषय निघाला होता, तेवढं पुरे होतं.

"बोल जे सांगतायत ते," घरी नवरा म्हणाला. तो भिंतीकडे बघत होता. "खोल्या त्यांच्या, बॉयलर त्यांचा, ती व्हॅनसुद्धा त्यांचीच होती. आपलं इथे आहे काय?"

"बहीण तुमची आहे," वहिनी म्हणाली.

रविवारी सकाळी मात्र तो बॉयलर सोडून वर आला आणि घडीखान्याचं शटर खाली येऊ नये म्हणून त्याखाली चौकटीला पाठ टेकून उभा राहिला. गुरूंनी दोनदा खूण केली. तो हलला नाही.

वहिनीच्या हातात मायक्रोफोन दिला गेला. समोर शंभरेक माणसं. पहिलं वाक्य तिनं जवळजवळ कुजबुजत म्हटलं.

"माझ्या हातात काही नाही."

"हा नम्रपणा!" गुरू हसून म्हणाले.

"नम्रपणा नाही. ड्रमकाका, पुढे या हो. तुम्हाला हृदयाचा, फिटचा, दम्याचा त्रास आहे?"

"गुडघे सोडून काही नाही," काका म्हणाला आणि येऊन बसला.

"बाकीच्यांनी हे करू नका, नुसतं बघा. काका, तुमच्या मनाला गंज चढलाय ना?"

"केव्हाचा."

"श्रद्धा?"

"सोमवारपासून तर उरलेलीच नाही."

"मग मी म्हणेन तसा भराभर श्वास घ्या. डुलकी काढायची नाही. चादर! अभ्रा! चादर! अभ्रा!"

लोक हसले. गुरूही हसले. काका 'चादर'ला श्वास घेत होता, 'अभ्र्या'ला सोडत होता. तीन मिनिटं झाली, चार झाली. हसणं ओसरलं. काका मध्येच म्हणाला, "ओठ बधिरले गं." आणखी थोड्या वेळानं त्याची मनगटं हळूच आत वळली, बोटं जुळली, अंगठे तळव्यात गेले. तीस वर्षं ड्रम ओढलेल्या त्या राकट हातांच्या दोन चोची झाल्या.

पुढच्या रांगेतली माणसं गुडघ्यांवर उठून बघू लागली.

"आता थांबा. सोडा. हळू... घाई नाही," वहिनी म्हणाली आणि काकाचे हात परत सैल होईपर्यंत त्याच्याजवळ बसून राहिली. मग उभी राहून, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं ते आपल्या भाषेत सांगितलं. वायू कसा निघून जातो, नसा कशा बिथरतात, डोकं का तरंगतं.

"हे श्रद्धेची थट्टा करतायत!" गुरूंचा चेहरा लाल झाला होता. "काकांच्यात प्राण जागा झाला तो माझ्या सान्निध्यामुळे!"

"दवाखान्याच्या बाकावर माझे वळले तेव्हा तुम्ही नव्हता," वहिनी म्हणाली. "गुरुजी, इतके दिवस तुमच्या शेजारी बसले. तुम्ही नुसते मोजता. भराभर श्वास एकदाही घेतला नाहीत. का? आता आमच्यासमोर सावकाश श्वास घ्या आणि लावून दाखवा हंसमुद्रा."

"माझी अवस्था त्याच्या पलीकडची आहे."

"असेल," काका बोटं चोळत म्हणाला. "पण त्या पोरीची अवस्था पलीकडे जायला आली होती. 'हात लावू नका' कोण म्हणालं होतं?"

मागच्या रांगेतून एक बाई उठली, सरळ पुढे आली आणि मुक्तिपात्रातून नवऱ्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या काढून घेऊन चालती झाली. मग आणखी एक जण उठला. गुरू 'पापाचे धनी व्हाल' असं काहीतरी म्हणत होते, पण मायक्रोफोन वहिनीच्या हातात होता, त्यामुळे फारसं कुणाला ऐकू आलं नाही.

शेवटी घडीखान्यात मालकीणबाई तेवढ्या उरल्या. त्या लहान मुलीसारख्या म्हणाल्या, "पण मला झोप लागली होती गं. ती तर खरी होती ना?"

"खरी होती, बाई. चार दिवस फोन बाजूला ठेवून शांत बसलात, सावकाश श्वास घेतलात, म्हणून लागली. ती तुमची झोप आहे. तुम्ही उगाच ती त्याच्या नावावर लिहून दिलीत."

बाई उठून गेल्या. पुढचे आठ दिवस वहिनीच्या घरानं जीव मुठीत धरून काढले. नवव्या दिवशी निरोप आला: गुरूंचं शिबिर बंद, अर्धा तास मात्र चालू राहील. शटर उघडं ठेवून पाठीचे, मानेचे व्यायाम करायचे, वाटलं तर शांत बसायचं. वहिनी आणि पंप पुन्हा ओढू लागलेली नणंद समोरासमोर घड्यांना उभ्या राहिल्या. छपराचा विषय पुन्हा निघाला नाही, चांगला नाही आणि वाईटही नाही. काही बायका अजूनही वहिनीशी तुटक बोलतात. त्यांच्या मते तिनं हातात आलेलं काहीतरी घालवलं. गुरू म्हणे दुसऱ्या गावात कुठल्याशा कारखान्यात जातात आणि तिथेही कुणाचे तरी हात वळतात.

फाटकावरचा फोटो काढला तरी माणसं येत राहिली. परवाच एक म्हातारे शिंपी आले. हात थरथरायचे, सुईत दोरा ओवता येत नव्हता. पार लांबून आले होते.

"फक्त एकदा हात ठेव, बाई."

"बाबा, माझ्या हातात काही नाही."

"सगळे तसंच म्हणतात. मी विश्वास ठेवून आलोय. मला रिकामा पाठवू नकोस."

त्यांचे डोळे भरले होते. एकदा हात ठेवला असता तर ते समाधानानं परतले असते, आणि आजार तसाच वाढत राहिला असता. वहिनीनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. नणंदेला दुसरी जोडीदारीण शोधून दिली आणि शिंप्यांना घेऊन दवाखान्यात गेली. रांगेत तीन तास ती दोघं बसली. म्हातारा सारखा कुरकुरत होता, दोनदा उठून जायलाही निघाला. डॉक्टरांनी तपासलं, कंपवाताचा आजार असल्याचं सांगितलं, तो पुरता जाणार नाही हेही सांगितलं, पण औषधानं थरथर कमी होईल म्हणाले. हे उत्तर छोटं होतं. त्यात टाळ्या नव्हत्या. पण ते खरं होतं आणि कामाचं होतं.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. शांत बसा, सावकाश श्वास घ्या, अंग मोकळं करा; त्यासाठी कुणाच्या पायांना हात लावावा लागत नाही. आणि अंगात कधी काही विलक्षण घडलं तर पाया पडण्याआधी विचारा, हे कसं झालं? दुसऱ्या कुणाला होतं का? गुरू नसताना होतं का? ज्याला हे प्रश्न विचारलेले चालत नाहीत, आणि जो तुमचं औषध तुमच्या हातून काढून घेतो, त्याच्या खोलीत बसू नका. उठा, आणि शेजारी कुणी धापा टाकत असेल तर त्यालाही उठवून बाहेर न्या.